वेष आणि सोंग

शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलामुलींची संख्या आपल्या मंडळ्यांतून वाढत आहे. तिकडे गेल्यावर त्यांच्यापुढे अनेक प्रश्न उभे राहतात. उपासनेस कोठे जावे, संगत कोणाची धरावी, पैसा पुरवून कसा वापरावा, हे मोठे प्रश्न. त्यांविषयी घरी फोन होतात, आणि घरी प्रार्थनाही होतात. परंतु काही प्रश्न इतके लहान दिसतात की, ते घरी कळवावेत असे मुलांस वाटतही नाही. अशाच एका लहान दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार ह्या लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे.

३१ ऑक्टोबर हा धर्मसुधारणेचा दिवस म्हणून आपणांस ठाऊक आहे. अमेरिकेत त्याच रात्री हॅलोवीन साजरा होतो. सर्व संतांच्या दिवसाची ही पूर्वसंध्या. पण आज तिचे स्वरूप मुख्यतः मौजेचे आहे. लहान मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात आणि विद्यापीठांच्या वसतिगृहांत तरुणांच्या मेजवान्या होतात. अशा वसतिगृहात देशोदेशीचे विद्यार्थी एकत्र राहत असतात. मेजवानीची अट एकच, की प्रत्येकाने काहीतरी सोंग घेऊन यावे. कोणी भूत होतो, कोणी समुद्री चाचा, कोणी चक्क भोपळा. त्यात वाईट ते काय? पण कोणी डोक्याला पिसे खोवून अमेरिकेचा मूळ रहिवासी होतो, कोणी मोठी टोपी व खोट्या मिशा लावून मेक्सिकोचा शेतकरी होतो, तर कोणी कपाळाला ठसठशीत टिकली लावून, हात जोडून, मान हलवीत भारतीय होतो. आता समजा, त्याच दालनात मेक्सिकोचा एक खरा विद्यार्थी आणि हैदराबादेची एक खरी विद्यार्थिनी हातात सरबताचे पेले घेऊन उभी आहेत. त्यांनी हसावे, की निघून जावे? आणि उद्या आपल्या मुलीलाच सोंग निवडावयाचे झाले, तर तिने कोणते निवडावे?

मराठीने ह्या विचारात आपल्याला दोन चांगले शब्द दिले आहेत. एक वेष आणि दुसरा सोंग. वेष आपण नेसतो, सोंग आपण आणतो. वेष आपल्या रोजच्या जगण्याचा असतो. सोंग घटकाभराचे असते आणि ते उतरविले की आपण पुन्हा आपण होतो. ‘देश तसा वेष’ असे आपण म्हणतो. ‘देश तसे सोंग’ असे कोणी म्हणत नाही. परदेशी गेलेला मुलगा थंडीसाठी जाड कोट घालतो, तेव्हा तो सोंग आणीत नाही. तो त्या देशाच्या हवेचा मान राखतो.

परंतु म्हणून सोंग वाईट, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या मुलखात सोंगाची परंपरा जुनी व आनंदाची आहे. कोकणात आणि गोव्यात दशावतारी मंडळी रात्रभर सोंगे आणतात. गोव्याच्या कार्निव्हलात मोमो राजाची स्वारी निघते. गावात बहुरूपी येतो, पोलीस किंवा साहेब होऊन दुकानदाराला दरडावतो, आणि शेवटी हसून हात पुढे करतो. संत एकनाथांनी तर भारुडांतून अनेक उपेक्षितांच्या मुखाने भाषण केले. ह्या सोंगांकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बहुरूपी ज्याचे सोंग आणतो तो बहुधा त्याच्याहून बलवान असतो. तो फौजदार होतो, आणि त्यामुळे फौजदाराचे काही बिघडत नाही. एकनाथांनी ज्यांच्या मुखाने भाषण केले ते दुबळे होते खरे, पण त्यांना हसावे म्हणून ते केलेले नव्हते. त्यांच्या मुखातून शहाणपण बोलविले होते. सोंगाची परीक्षा येथूनच सुरू होते. आपण कोणाचे सोंग आणतो, आणि त्या माणसाला काय बोलावयास लावतो?

आता आपल्याच घरातील एक उदाहरण पाहू. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घेण्यास अमेरिकेस गेल्या. जाण्यापूर्वी सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात त्यांनी भाषण केले आणि आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, असे स्पष्ट सांगितले. त्यांचा विश्वास आमच्या विश्वासाहून वेगळा होता. परंतु धर्म बदलाल तर साहाय्य मिळेल, असे सुचविले गेले असता त्या तरुण मुलीने जो सरळपणा दाखविला, त्यास आम्ही मान देतो. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकत असताना १० ऑक्टोबर १८८५ रोजी तेथील प्रमुखांच्या घरच्या समारंभात घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातील सीरियाच्या साबात इस्लांबुली. तिघीही पुढे डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंना १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यास त्यांचा अंत झाला.

त्या समारंभात आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत कुतूहल असणारच. इतकी वस्त्रे त्यांनी एकाच वेळी कोठे पाहिली असणार? तरीही ते छायाचित्र पाहताना हसू येत नाही. कारण तेथे वस्त्राबरोबर माणूस आहे. चेहरा आहे, खाली नाव आहे, देश आहे. ती साडी पाहणाऱ्यास सांगते, की मी अमुक देशाची, अमुक नावाची, येथे शिकावयास आले आहे. शंभर-सव्वाशे वर्षांनी वसतिगृहाच्या मेजवानीत कोणी तीच साडी वेडीवाकडी गुंडाळून येतो, तेव्हा वस्त्र तेच असते, पण त्यातला माणूस काढून टाकलेला असतो. मागे उरतो तो नुसता नमुना. एवढाच फरक आहे, परंतु तो फार मोठा आहे.

कोणी म्हणेल, घटकाभराच्या गमतीचे इतके काय मनावर घ्यावयाचे? ह्या आक्षेपाला उत्तर देण्यापूर्वी काही घडलेल्या गोष्टी पाहिल्या पाहिजेत. १९ व्या शतकात अमेरिकेत गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या गुलामांच्या नकला करीत. त्या खेळांतील काळा माणूस नेहमी आळशी, मूर्ख आणि नाचरा असे. १८३० च्या सुमारास ‘जिम क्रो’ नावाचे असे एक सोंग अतिशय गाजले, आणि पुढे काळ्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांना लोक त्याच नावाने ओळखू लागले. सोंगाचे नाव कायद्याला पडले! हा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो तोंडाला काळे फासणे ही साधी गंमत मानू शकत नाही. आपली मुले हा इतिहास न शिकता तिकडे जातात. म्हणून तो त्यांना येथेच सांगितला पाहिजे.

मोठ्या घरच्यांनाही हे भान राहते असे नाही. कॅनडाचे जस्टिन ट्रूडो २००१ साली शिक्षक असताना अरबी कथांच्या धर्तीवरील एका समारंभास चेहरा व हात सावळे रंगवून गेले होते. २०१९ साली, ते पंतप्रधान असताना, ते छायाचित्र उजेडात आले व त्यांनी देशाची क्षमा मागितली. इंग्लंडचे राजपुत्र हॅरी २००५ च्या जानेवारीत एका मित्राच्या मेजवानीस बाहीवर नात्सी स्वस्तिकाची पट्टी बांधून गेले. आउश्वित्झच्या छळछावणीतून कैदी सुटले त्याला त्याच महिन्यात साठ वर्षे पुरी होत होती. त्यांनीही क्षमा मागितली. त्या मेजवानीचा विषय काय होता, तर वसाहतींतील गोरे साहेब आणि तेथले देशी लोक! पट्टीवरून गदारोळ झाला तो योग्यच झाला. पण वाचकहो, त्या विषयाकडेही जरा पाहा. त्यातील ‘देशी लोक’ म्हणजे आपले आजे-पणजेच की.

स्वस्तिकाची गोष्ट आपल्या मुलांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे ते चिन्ह शेजाऱ्यांच्या उंबरठ्यावर, लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या वहीवर आपण लहानपणापासून पाहतो. ते मंगल समजले जाते. जर्मनीत नात्सी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन हा गुन्हा आहे आणि त्या चिन्हाखाली ज्यांची घरे उजाड झाली त्यांची नातवंडे आज आपल्या मुलांच्या शेजारच्या बाकावर बसतात. आमच्या मनात वाईट काही नव्हते, हे तेथे खरे असूनही पुरेसे होत नाही. कारण वस्त्राचा आणि चिन्हाचा सगळा अर्थ घालणाऱ्याच्या मनात मावत नाही. त्यातला काही भाग पाहणाऱ्याच्या आठवणीत असतो. नीतीचा हा नियम शब्दांना लागू आहे हे आपण जाणतो; तो कपड्यांनाही लागू आहे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. घटकाभराची गंमत, असे म्हणणारा अर्धे खरे बोलतो. त्याच्यापुरती ती घटकाभराचीच असते. मध्यरात्री तो पिसे काढतो, तोंड धुतो आणि झोपी जातो. सकाळी त्याला कोणी हिणवीत नाही, दुकानात कोणी त्याच्यावर पाळत ठेवीत नाही, नोकरी मागताना त्याचे नाव वाचून कोणी कपाळाला आठ्या घालीत नाही. ज्याचे सोंग त्याने आणले त्याला मात्र आपली कातडी उतरविता येत नाही. सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपली म्हण आहे. तीत आम्ही एवढीच भर घालू, की दुसऱ्याच्या दुःखाचेही सोंग आणता येत नाही. त्याचे कपडे तेवढे आणता येतात.

ह्या ठिकाणी मार्काच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. शिपायांनी प्रभूला जांभळे वस्त्र नेसविले, काट्यांचा मुगूट घातला आणि मुजरे केले. आपण तो प्रसंग छळाचा म्हणून वाचतो, आणि तो छळच होता. पण त्या शिपायांना विचारले असते, तर त्यांनी तो खेळ होता असेच सांगितले असते. शिवाय ही थट्टा एकट्या येशूची नव्हती. यहूद्यांचा राजा म्हणून ते त्याला नमस्कार करीत होते. जिंकलेल्या एका अख्ख्या लोकांना जिंकणाऱ्यांचे शिपाई हसत होते. खेळ संपल्यावर त्यांनी ते जांभळे वस्त्र काढून घेतले आणि त्याची स्वतःची वस्त्रे त्याला पुन्हा घातली, हेही शुभवर्तमानकार नोंदवितो. शिपायांचे सोंग संपले. ज्याच्यावर ते लादले त्याची वाट वधस्तंभाकडे जात होती. दुसऱ्याला हसण्यासाठी वस्त्र वापरणे म्हणजे काय, हे ज्या मंडळीने एवढ्या जवळून पाहिले आहे तिने तरी ह्या प्रश्नाला क्षुल्लक म्हणू नये.

मग ह्यावर उपाय कोणता? नियम करावेत काय? अमेरिकेत हा वाद पुष्कळ झाला. २०११ साली ओहायो विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका संघाने भित्तिपत्रके काढली. त्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याच लोकांच्या सोंगाचे छायाचित्र हातात धरले होते; आम्ही एक संस्कृती आहोत, कोणाचे सोंग नव्हे, असा त्यांचा आशय होता. २०१५ च्या ऑक्टोबरात येल विद्यापीठात एका समितीने विद्यार्थ्यांना दुसऱ्यास दुखविणारी सोंगे टाळण्याची विनंती केली. त्यावर एका विद्यार्थी-निवासाशी संबंधित असलेल्या अध्यापिका एरिका क्रिस्ताकिस ह्यांनी पत्र लिहून विचारले, की तरुणांनी काय घालावे हे विद्यापीठाने सांगावे काय? आवडले नाही तर दुर्लक्ष करावे, किंवा एकमेकांशी बोलावे, असे त्यांनी सुचविले. पुष्कळ विद्यार्थी संतापले. निवास हे आमचे घर आहे, आणि घरात आमची बाजू घेणारे कोणी नको काय, असे त्यांचे म्हणणे होते. मोठी निदर्शने झाली. त्या वर्षअखेरीस बाईंनी तेथील अध्यापन सोडले आणि २०१६ साली त्यांनी व त्यांच्या पतीने निवासाची जबाबदारीही सोडली.

आम्हांस ह्यात दोन्ही बाजूंचे काही पटते. आज्ञेने आदर उत्पन्न होत नाही, हे बाईंचे म्हणणे खरे आहे. नियमाने पिसे खाली उतरतील, पण मनातला तुच्छभाव तेथेच राहील. दुसरीकडे, एकमेकांशी बोला म्हणणे सोपे असते. पण त्या बोलण्याचा भार दर वेळी मूठभर मुलांवरच पडतो. शंभरांत एकटी असलेल्या मुलीने दर वर्षी, दर मेजवानीत, आपण माणूस आहोत हे समजावून सांगत बसावयाचे काय? तिच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलले, तर तो नियमाहून मोठा आधार होतो. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

म्हणून नियमाऐवजी आम्ही एक कसोटी सुचवितो. आपण जे सोंग घेतले आहे त्या लोकांपैकी कोणी दारातच भेटला, तर त्याच सोंगात आपल्याला त्याच्याशी हात मिळवून, त्याच्या डोळ्यांत पाहून, नमस्कार करता येईल काय? भोपळा झालेल्याला ही अडचण येत नाही. समुद्री चाच्यालाही येत नाही. ज्याला दारातच ओशाळे व्हावे लागेल, त्याने ते सोंग पेटीतच ठेवावे.

ह्या कसोटीला दुसरीही बाजू आहे, आणि ती आनंदाची आहे. दुसऱ्याचे वस्त्र घालूच नये, असे ती सांगत नाही. कोरियाच्या एका मुलीने खोलीतल्या आपल्या मैत्रिणीची साडी मागितली, तर ती द्यावी. आणि नुसती देऊ नये, नेसवून द्यावी. निऱ्या घालावयास, पदर बेतावयास वेळ लागतो, जवळ उभे राहावे लागते. तेवढ्या वेळात ही साडी आईची की आजीची, कोणत्या लग्नात घेतलेली, हे सांगून होते. नेसणारीलाही कळते, की हिच्यात पाऊल जपून टाकावे लागते. दुकानातून पाकिटात आणलेल्या सोंगात आणि मालकिणीच्या हातून मिळालेल्या वस्त्रात हा फरक आहे. एक हिसकावल्यासारखे असते, दुसरे दान असते.

आपल्या मुलांना आणखी एका गोष्टीपासून जपावयाचे आहे. पुष्कळदा त्यांना स्वतःचेच सोंग आणण्याचा आग्रह होतो. तू भारतीय ना, मग महाराजा होऊन ये, गारुडी होऊन ये, अशी मागणी होते. एकट्या पडलेल्या मुलाला लोकांत मिसळावयाचे असते, म्हणून तो कबूल होतो. लोक हसतात, त्याला मित्र मिळाल्यासारखे वाटते. पण हळूहळू तो लोकांना हवा तसा भारतीय होत जातो आणि त्याचे बेळगावचे घर, तेथली मराठी, कानडी, रविवारची उपासना, वडिलांची नोकरी, ह्यांतले काहीच सांगावयास जागा उरत नाही. त्याला आमचा सल्ला असा, की रागावू नये, भांडू नये. हसून सांगावे, की आमच्याकडे महाराजा फार थोडे आणि शाळामास्तर फार. आणि मग पाहिजे तर भोपळा व्हावे.

हे सर्व परदेशाविषयी झाले. पण शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी हा प्रश्न इतक्या दूरचा नाही. आपल्याकडे वेषभूषा स्पर्धा होतात. तीत लहान मुले परी होतात, फळे होतात, पुढारी होतात. आणि फाटके कपडे व हातात वाडगा घेऊन भिकारी होतात, पाने गुंडाळून व तोंडाला काजळ फासून आदिवासी होतात, डोक्यावर टोपली घेऊन ठसक्यात बोलणारी कोळीण होतात. टाळ्या पडतात. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांत, मागच्या सतरंजीवर, जिची आई खरोखर टोपली घेऊन दारोदार जाते अशी एखादी मुलगी बसलेली असू शकते. तीही टाळ्या वाजविते, कारण सगळे वाजवितात. घरी गेल्यावर ती आईकडे कोणत्या डोळ्यांनी पाहत असेल?

स्पर्धा बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. मुलांना सोंग आवडते, आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची ती पहिली शाळाच आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की कोळीण व्हावयाची असेल त्या मुलीला आधी एका खऱ्या कोळणीकडे न्यावे. ती पहाटे किती वाजता उठते, मासळी कोठून आणते, उरलेल्या मालाचे काय करते, हे विचारू द्यावे. मग व्यासपीठावर त्या मुलीच्या तोंडी वेगळी वाक्ये येतील, आणि ती खरी कोळीण पहिल्या रांगेत पाहुणी म्हणून बसलेली असेल. नाताळच्या नाटकाची पेटी उघडाल तेव्हाही पूर्वेकडील ज्ञानी लोकांपैकी एकाच्या तोंडाला काजळ फासण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो मान घेऊन आला होता, देणगी घेऊन आला होता; त्याला हसे करून परत पाठवू नये.

जी मुले आज आपल्या शब्बाथशाळेत सतरंजीवर बसली आहेत तीच उद्या दूरच्या वसतिगृहात देशोदेशीच्या मुलांबरोबर एका दालनात उभी राहणार आहेत. तेथे त्यांनी काय घालावे हे सांगावयास आपण नसू. कोणाकडे कसे पाहावे, एवढे मात्र आपण येथेच शिकवू शकतो.